नव्या लेकराचे शब्द मोबाईलमध्ये ठेवा

कापूस वेचणी किंवा विटभट्टी सुरू झाली की अंगणवाडीत मेळघाटातली कोरकू बोलणारी, तशीच छत्तीसगढी, गोंडी बोलणारी लेकरं येतात. तीन वर्षांच्या पोराला तहान लागली, पोट दुखलं तरी ते आपल्या बोलीत सांगतं आणि आपल्याला कळत नाही. मग ते नुसतं रडत राहतं.

पहिल्याच दिवशी आईला पाच मिनिटं थांबवा.

१. तिच्याच आवाजात, तिच्या बोलीतले पाच शब्द रेकॉर्ड करा: पाणी, शी-शू, दुखतं, भूक, आई. ताई आणि मदतनीस दोघींनी तीनदा ऐकायचे, मोठ्यानं म्हणायचे. उच्चार चुकला तर आईच हसून सुधारते, आणि तिचा अर्धा धाक तिथंच जातो.

२. लसींची नोंद असलेल्या माता-बाल संरक्षण कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. यातला कुठलाही डोस राहिला असेल तर आशाताईला त्याच दिवशी सांगा. कार्ड गावी राहिलं म्हणून लेकराला परत पाठवू नका.

३. न्यायला कोण येणार, हे विचारून त्या माणसाला एकदा समोर पाहून घ्या. भट्टीवर पुष्कळदा मोठी बहीणच येते, तीही आठ-नऊ वर्षांची. तिच्या हाती लेकरू देऊ नका.

फोटो, रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. आणि उन्हाळ्यात लेकरू सुस्त, अंग तापलेलं दिसलं तर शब्दांची वाट न पाहता सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्यानं पुसा, १०८ लावा.