आरसी बग्गीला नवी मोटर घेताय? आधी पिनियन बघा

रिमोटवर पळणारी (आरसी) बग्गी जरा हळू वाटायला लागली की सगळ्यांचं डोकं थेट मोटरकडे जातं, पण माझं मत विचाराल तर पैसे आधी बेअरिंगवर घाला, मग गियरिंगवर, आणि मोटर त्यानंतर. विशेषतः आपल्या इंदूरात, कारण इथलं ऊन आणि माळव्याची काळी माती, दोघंही गाडीची परीक्षा घेतात.

बेअरिंगचं पटकन सांगतो. टामिया या कंपनीच्या बऱ्याच किटमध्ये बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या येतात, त्यात धूळ बसली की ते झिजतात, चाक डुगडुगतं आणि मोटरची ताकद फुकट जाते. जास्तीत जास्त ठिकाणी माप ११×५×४ मिमी असतं, बेअरिंगच्या दुकानात एमआर ११५ म्हटलं की कळतं, तरी आपल्या गाडीचे बुश मोजूनच जा आणि रबर सीलवालंच मागा.

आता गियरिंग. पिनियन म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गियर, स्पर म्हणजे त्याला लागलेला मोठा. समजा स्पर ८० दातांचा आणि पिनियन २० चा, तर झाले ४, आणि गियरबॉक्सच्या आतला रेशो २.६ असेल तर एकूण १०.४, म्हणजे मोटर १०.४ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. पिनियन मोठा केला की टॉप स्पीड वाढतो पण मोटरवर लोड येतो आणि ती तापते, लहान केला की पिकअप चांगला आणि मोटर थंड. एका वेळी एकच दात बदला, घाई करू नका.

खरी गोष्ट तापमानाची आहे. नवा पिनियन लावून ३-४ मिनिटं पळवा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचा डबा बघा, ७० डिग्रीपर्यंत ठीक, ८० च्या पुढे जात असेल तर एक दात कमी करा, कारण फार तापल्यावर आतलं मॅग्नेट कमजोर पडतं आणि ती ताकद परत येत नाही. आणि हे नक्की लक्षात घ्या की मोटर बाहेरच्या हवेच्या वर तापते. समजा तुमची मोटर हवेपेक्षा ४५ डिग्री जास्त तापते, तर डिसेंबरात संध्याकाळी २० डिग्रीला ती ६५ वर थांबेल आणि मे महिन्यात ४२ डिग्रीला तीच ८७ वर जाईल, गाडी तीच, पिनियन तोच! म्हणून दिवाळीत जमलेलं गियरिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासायचंच. चिमणबागेसारख्या मोकळ्या मैदानावर भुसभुशीत माती किंवा गवत असलं तर लोड अजून वाढतो. टायर मोठे लावले तरी तेच होतं, मोठा टायर म्हणजे मोठा पिनियन लावल्यासारखंच.

पिनियन स्टीलचाच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा आपल्या धुळीत लवकर झिजतो. पिच, म्हणजे दातांचं माप, स्परशी जुळतोय का ते बघा, ०.६ मॉड्यूल आणि ४८ पिच डोळ्यांना सारखेच दिसतात पण एकमेकांना खाऊन टाकतात. दोन गियरमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग कागद काढा, एवढी फट पुरते.

एवढं करूनही समाधान नसेल तर मोटर. ब्रश मोटरमध्ये टर्न, म्हणजे तारेचे वेढे, जितके कमी तितका स्पीड आणि करंट जास्त, २७ टर्न शांत असते, १५ टर्न बरीच तापट, आणि तुमच्या ईएससीची (मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या कंट्रोलरची) टर्न लिमिट किती ते आधी वाचा. पण धूळ बघता माझा कौल ब्रशलेसलाच, घासणारे ब्रशच नाहीत तर झिजणार काय. केव्ही म्हणजे दर व्होल्टला किती आरपीएम, ३३०० केव्ही दोन सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) ७.४ व्होल्टला साधारण २४,४०० आरपीएम देते. १०.४ रेशो आणि ८५ मिमीच्या टायरवर हे ताशी ३७-३८ किमी येतं, तेही कागदावर, मैदानात कमीच पडेल, पण बग्गीसाठी भरपूर आहे. स्लो स्पीडला झटके नको असतील तर सेन्सरवाली (आतला रोटर कुठे आहे ते ईएससीला कळवणारी) मोटर घ्या आणि ईएससीही सेन्सरवालाच, जरा महाग पडतं.

चकाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म, म्हणजे चाक धरणारे सस्पेन्शनचे हात, मात्र नका घेऊ. प्लास्टिकचा आर्म आपटला की वाकून परत जागेवर येतो, धातूचा वाकला की वाकडाच राहतो, आणि धक्का पुढे शॉक टॉवरला (शॉक जिथे अडकवतात त्या पट्टीला) किंवा चेसिसला देतो. त्यापेक्षा मेटल गियरचा सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) घ्या, आणि उन्हाळ्यात शॉकमध्ये नेहमीपेक्षा एक ग्रेड जाड सिलिकॉन ऑइल घाला कारण गरमीत ते पातळ होतं.

लायपो वापरणार असाल तर ईएससीत कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करणारी सोय) हवाच, सेलला ३.२ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, न वापरता ठेवून देताना दर सेल ३.८ वर ठेवा, आणि मे महिन्यात दुपारी स्कूटरच्या डिक्कीत बॅटरी अजिबात सोडू नका.