आवाज ओळखीचा असला तरी: नागपुरातील छोट्या पेढ्यांनी सायबर फसवणुकीपासून कसे वाचावे

इतवारी, गांधीबाग किंवा कळमना बाजारातील अनेक पेढ्यांचा व्यवहार आजही फोनवरील शब्दावर चालतो. शेठ बाहेरगावी असले की ते मुनीमजींना फोन करतात, मुनीमजी आवाज ओळखतात आणि आरटीजीएस करून टाकतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने घाला घातला आहे तो नेमका या ओळखीवर. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या व्हॉल-ई या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाला (मॉडेलला) आवाजाची नक्कल करण्यासाठी तीन सेकंदांचा नमुना पुरत होता, आणि आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो ते व्हॉइस मेसेज त्याहून बरेच लांब असतात. २०२४ च्या सुरुवातीला उघडकीस आलेल्या हाँगकाँगमधील प्रकरणात एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराच्या ईमेलचा आधी संशयच आला होता. मात्र व्हिडिओ बैठकीत वित्तप्रमुख आणि सहकारी दिसल्यावर तो संशय मावळला व त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्या बैठकीतील बाकीचे सर्व चेहरे बनावट होते.

म्हणून खरे-खोटे ओळखण्याची जबाबदारी कानावर आणि डोळ्यांवर न टाकता ती ठरलेल्या पद्धतीवर टाकावी. नवीन खात्यात पैसे पाठवायचे असतील, जुन्या व्यापाऱ्याने खाते क्रमांक बदलल्याचे कळवले असेल किंवा ‘आत्ताच्या आत्ता’ अशी घाई केली जात असेल, तर फोन ठेवावा आणि आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावून खात्री करावी. संदेशात दिलेल्या क्रमांकावर किंवा आलेल्या कॉलवरच उलट विचारणा करणे निरुपयोगी आहे. ठरावीक रकमेपुढील व्यवहारासाठी बँकेकडून मेकर-चेकर सुविधा घ्यावी, म्हणजे एकाने भरलेला व्यवहार दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे जाणार नाही. घरच्यांसाठी आणि पेढीसाठी एक सांकेतिक शब्द समोरासमोर बसून ठरवावा; तो फोनमध्ये कुठेही लिहून ठेवू नये.

माझ्या मते यातील सर्वात अवघड भाग तांत्रिक नाही. मालकाने चढ्या आवाजात हुकूम दिल्यावर ‘साहेब, मी परत फोन लावतो’ असे म्हणण्याचे धैर्य नोकरमाणसाला सहजासहजी होत नाही, आणि ठग याच भीतीवर विसंबून असतो. त्यामुळे मालकाने सर्वांसमोर स्पष्ट सांगितले पाहिजे की मी कितीही चिडलो तरी फोन ठेवायचा, आणि असा उलट फोन आल्यावर त्या माणसावर कधीही रागवायचे नाही.

अशुद्ध भाषेवरून बनावट संदेश ओळखण्याची जुनी युक्तीही आता सोडून द्यावी. मजकूर लिहून देणारी भाषा-प्रारूपे आता बरीचशी निर्दोष मराठी लिहितात, आणि सांगितल्यास ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ अशी आपल्याकडची धाटणीही उचलतात. मजकुरापेक्षा त्यात काय करायला सांगितले आहे ते पाहावे: लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) कोणाच्याही नावाने आली तरी उघडू नये.

संगणकाच्या बाबतीत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ठग आणि रक्षक अशा दोन्ही बाजूंच्या हाती आहेत. गूगलच्या बिग स्लीप या प्रणालीने २०२४ मध्ये एसक्यूलाइट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधील त्रुटी अधिकृत आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वीच शोधली. हल्लेखोरही अशाच वेगाने त्रुटी शोधू पाहतात, म्हणून अपडेट लांबणीवर टाकणे आता अधिक महागात पडू शकते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने दुकानातील तसे संगणक बदलावेत किंवा अद्ययावत करावेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिल्यास खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडतो की नाही हेही तपासावे. संशयास्पद ईमेल गाळणाऱ्या सुविधा चालू ठेवाव्यात, परंतु बनावट आवाज ओळखून देतो म्हणणाऱ्या ॲपच्या भरवशावर पैसे पाठवू नयेत.

पैसे गेलेच, तर लाजेखातर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. कंपन्यांना सायबर घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत देणे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी आयआयएम नागपूरच्या सहभागाने ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा उभी केली आहे, पण कोणत्याही तपासाला पुरावा तुमच्याकडूनच मिळायचा असतो. यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), कॉलची वेळ, मूळ ईमेल आणि चॅट जसेच्या तसे जपून ठेवावे. व्हायरस आला असल्यास इंटरनेटची वायर काढून वायफाय बंद करावे, आणि पोलिसांना विचारल्याशिवाय संगणक फॉरमॅट करून घेऊ नये.