घेराचे माप आणि बिलातला दर : आयात लाकडाच्या मूल्यांकनात नव्याने येणाऱ्यांसाठी

न्हावाशेव्याच्या एका कस्टम ब्रोकरच्या कचेरीत मी २००८ च्या सुरुवातीला एच कार्डावर (ब्रोकरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या ओळखपत्रावर) रुजू झालो, तेव्हा आयात मालाच्या मूल्यनिर्धारणाचे नवे नियम लागू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. मला वाटले होते की पहिल्या दिवशी नियमांचे पुस्तक हातात मिळेल. प्रत्यक्षात आमच्या वरिष्ठांनी कापडी टेप दिली आणि सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, सागाचे कंटेनर उघडायचे होते तिथे पाठवले. 'आधी ओंडका मोजायला शीक, कलमे नंतर वाच,' असे ते म्हणाले. त्या वेळी हा सल्ला मला थोडा अपमानकारक वाटला होता. पुढे लाकडाच्या मूल्यावरून निघालेल्या बहुतेक क्वेऱ्या (सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारलेले खुलासे) हाताळताना लक्षात आले की वाद दराचा दिसत असला, तरी त्याचे मूळ मापात किंवा वर्णनात असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४ नुसार शुल्क आकारायचे ते व्यवहारमूल्यावर, म्हणजे भारतात निर्यातीसाठी विकलेल्या मालाची प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत हा त्याचा पाया. अट अशी की खरेदीदार आणि विक्रेता यांचे परस्परसंबंध नसावेत आणि किंमत हाच व्यवहाराचा एकमेव मोबदला असावा. १० ऑक्टोबर २००७ पासून लागू असलेल्या नियमांत नियम ३ व्यवहारमूल्याचा आहे, नियम ४ एकसारख्या मालाचा, नियम ५ समान मालाचा, नियम ७ भारतातील विक्रीदरावरून मागे येण्याचा, नियम ८ उत्पादनखर्चावरून वर जाण्याचा आणि नियम ९ उरलेल्या प्रकरणांचा. ही उतरण क्रमाने उतरायची असते. आयातदाराने तशी विनंती केली आणि अधिकाऱ्याने ती मान्य केली, तर ७ आणि ८ यांचा क्रम तेवढा उलटतो. लाकडाच्या कामात माझा बहुतेक वेळ नियम ३, ४, ५, १० आणि १२ यांच्यातच गेला. आठव्या नियमाने ठरवलेले लाकडाचे मूल्य मी आजवर पाहिलेले नाही.

आता मापाकडे येतो, कारण खरा अभ्यास तिथे आहे. गोल ओंडक्याचे घनफळ मोजण्याच्या व्यापारात रूढ असलेल्या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. सागाच्या व्यापारात अठराव्या शतकापासून चालत आलेले हॉपसचे माप वापरतात : ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. समजा ओंडक्याचा घेर १०० सेंटिमीटर आणि लांबी अडीच मीटर आहे, तर हॉपसनुसार घनफळ ०.१५६ घनमीटर येते. त्याच ओंडक्याला मध्यघेराची वृत्तचिती मानून भूमितीने घनफळ काढले, तर ते ०.१९९ घनमीटर भरते. म्हणजे हॉपसचे माप खऱ्या मापाच्या सुमारे ७८.५ टक्केच असते. त्यावर विक्रेता सालीसाठी घेरात आणि टोकांच्या भेगांसाठी लांबीत सूट देतो. घेरात ४ आणि लांबीत १० सेंटिमीटर सूट धरली, तर बिलात लागणारे निव्वळ माप ०.१३८ घनमीटर उरते. घनमीटरला ४०० डॉलर असा उदाहरणादाखल दर घेतला, तर या ओंडक्याचे सुमारे ५५ डॉलर होतात. तीच रक्कम खऱ्या घनमीटरावर पसरली की दर दिसतो २७८ डॉलर. ओंडका तोच आहे आणि दिलेले पैसेही तेच आहेत, परंतु कागदावर दोन दर तयार झाले. जो अधिकारी केवळ दर पाहतो, त्याला दुसरा आकडा संशयास्पद वाटला तर त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

हीच चूक मी स्वतः केली आहे. चार कंटेनर सागाच्या एका बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या सीमाशुल्काकडे भरायच्या घोषणापत्रात) इनव्हॉइस निव्वळ ७२ घनमीटरांचे, ४०० डॉलर दराचे, म्हणजे २८,८०० डॉलरचे होते. पॅकिंग लिस्टमध्ये सूट न वजा केलेले माप वेगळ्या रकान्यात ८१.४ घनमीटर असे दिले होते. 'प्रत्यक्ष आलेला माल' तोच, असे समजून मी ८१.४ हे परिमाण भरले आणि एकूण रक्कम जुळावी म्हणून दर भागून काढला. तो ३५४ च्या आसपास आला. एकूण मूल्यात एका सेंटचाही फरक नव्हता, तरीही दुसऱ्याच दिवशी दर कमी असल्याची क्वेरी आली. ती मिटवायला पाच दिवस गेले, आणि त्या काळातील सीएफएसच्या भाड्याचे बिल आयातदाराने आमच्या टेबलावर ठेवले. तेव्हापासून परिमाणाच्या शेजारी ते कोणत्या मापाने घेतले आहे आणि त्यात किती सूट धरली आहे, हे वर्णनातच लिहिण्याची सवय मी लावून घेतली.

मापानंतर प्रश्न येतो वर्णनाचा. लागवडीच्या सागाचा दर घेराच्या गटावर ठरतो; साठ-सत्तर सेंटिमीटर घेराचा ओंडका आणि शंभरच्या वरचा ओंडका यांच्या दरांत मोठे अंतर असते. त्यामुळे बिल ऑफ एंट्रीत नुसते 'टीक राउंड लॉग्ज' असे लिहिणे म्हणजे वाद ओढवून घेणे होय. मूळ देशही लिहिलाच पाहिजे, कारण म्यानमारच्या जंगलातील साग आणि पनामा, इक्वेडोर किंवा घाना येथील लागवडीचा साग यांचे दर एका रांगेत बसत नाहीत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर तिथला साग कापीव स्वरूपात येऊ लागला आणि त्याबरोबर सीमाशुल्क दरसूचीतले शीर्षकही ४४०३ (ओंडके) वरून ४४०७ (कापीव लाकूड) वर गेले. केवळ ओबडधोबड चौकोनी केलेला ओंडका मात्र ४४०३ मध्येच राहतो, हे ध्यानात ठेवावे. वर्गीकरण चुकले की तुलनेसाठी निवडलेला मालही चुकतो.

अधिकाऱ्यासमोर इतर आयातींचे दर दाखवणारा राष्ट्रीय माहितीसाठा असतो. त्यातील दर जास्त आहे, एवढ्याच कारणाने तुमचे मूल्य आपोआप फेटाळले जात नाही. नियम १२ खाली अधिकाऱ्याला आधी जाहीर मूल्याच्या सत्यतेविषयी सकारण शंका असावी लागते. त्याने माहिती मागवायची, आणि आयातदाराने विचारल्यास शंकेची कारणे लेखी देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यायची. एकसारख्या मालाची लक्षणीय वरची किंमत, असाधारण सवलत, प्रत किंवा मूळ देश चुकीचा सांगणे, ही शंकेची कारणे नियमाच्या स्पष्टीकरणातच दिलेली आहेत. ॲल्युमिनियम भंगाराच्या सेंच्युरी मेटल रिसायकलिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही पायरी गाळता येत नाही असे स्पष्ट केले. माल वेगळा असला, तरी लाकडाच्या प्रत्येक उत्तरात मला त्या निकालाचा उपयोग झाला आहे. मूल्य फेटाळल्यानंतर नियम ४ कडे जाताना तुलनेचा माल त्याच सुमारास आलेला, त्याच व्यापारी पातळीवर आणि साधारण तेवढ्याच परिमाणात विकलेला असावा लागतो. असे अनेक दर सापडले तर त्यांतील सर्वांत कमी दर घ्यायचा असतो. हे शेवटचे वाक्य नवखे लोक वाचतच नाहीत, आणि समोर ठेवलेल्या सर्वांत चढ्या दराला मान डोलावतात. दोन पर्यायांपैकी चढा पर्याय घेणे आणि किमान मूल्य ठरवून टाकणे, या दोन्ही गोष्टींना नियम ९ मध्येही मनाई आहे.

भाडे आणि विमा यांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्याकडे मूल्य भारतीय बंदरापर्यंतचे धरतात, म्हणून एफओबी किमतीत, म्हणजे निर्यातीच्या बंदरात जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीत, नियम १० नुसार वाहतूक आणि विमा मिळवावा लागतो. भाडे कळतच नसेल तर एफओबीच्या २० टक्के आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. १०,००० डॉलरच्या मालावर हे अनुक्रमे २,००० आणि ११२.५० डॉलर होतात आणि एकूण १२,११२.५० डॉलरचे मूल्य तयार होते. परंतु २० टक्के ही कमाल मर्यादा फक्त विमानाच्या भाड्याला आहे. लॅटिन अमेरिकेतून जहाजाने आलेल्या स्वस्त लाकडाचे भाडे ३,५०० डॉलर भरले असेल, तर ३,५०० च दाखवावे लागतात. पूर्वी बंदरात माल उतरवण्याच्या खर्चापोटी सरसकट एक टक्का वाढवत असत. विप्रो प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर, सप्टेंबर २०१७ मध्ये नियमच बदलून तो काढून टाकण्यात आला. जुन्या एक्सेल शीटमध्ये तो एक टक्का अजूनही बसलेला मी पाहिला आहे.

कांडल्याला जाण्याचा योग आला, तेव्हा न्यूझीलंडच्या पाइनने भरलेली अख्खी जहाजे पाहिली आणि माझे सागाचे ज्ञान किती अपुरे आहे ते कळले. तिथे व्यवहार जपानी जास मापाने होतो : ओंडक्याच्या लहान टोकाच्या व्यासाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात. घेर इथे येतच नाही, त्यामुळे हॉपसच्या घनमीटराशी याची तुलना करणे निरर्थक आहे. शिवाय माल तराफ्यांतून उतरवावा लागला, तर तो खर्च वाहतुकीतच मोडतो. भाड्याने घेतलेल्या जहाजाचा विलंब-आकारही नियमाच्या स्पष्टीकरणात आहे. त्यावर न्यायालयांत वाद झालेले असल्याने त्या बाबतीत वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहून देऊ नये.

लिहून देण्याचा विषय निघालाच आहे, तर 'लोडिंग'विषयी सांगतो. मूल्य वाढवून घेण्याला आमच्याकडे हाच शब्द आहे. कंटेनरचे भाडे रोज चढत असते, म्हणून आयातदार म्हणतो, थोडे लोडिंग घ्या आणि माल सोडवा. तसे संमतिपत्र देण्यापूर्वी तीन गोष्टी त्याच्या कानावर घालणे हे आपले काम आहे : नंतर अपील करताना हे पत्र आडवे येते, पुढच्या प्रत्येक खेपेला हाच वाढीव दर दाखवला जातो, आणि कलम १७(५) खाली पंधरा दिवसांत सकारण आदेश मागण्याचा हक्क लेखी संमती दिल्यावर उरत नाही. घाई असेल आणि दर मान्य नसेल, तर कलम १८ खाली बंधपत्र आणि आवश्यक ती हमी देऊन तात्पुरत्या मूल्यांकनावर माल सोडवण्याची मागणी करता येते. हा मार्ग किचकट आहे खरा, आणि लहान आयातदार त्याला कंटाळतात.

ऑक्टोबर २०२० अखेर फेसलेस मूल्यांकन देशभर लागू झाल्यापासून तुमचे बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच शहरातील अधिकारी उघडतो. पूर्वी मी टेबलाशी उभा राहून मापाची गोष्ट तोंडी समजावत असे. आता त्याला फक्त पीडीएफ दिसतात. म्हणून इनव्हॉइस, करार आणि बँकेने पैसे पाठवल्याचा स्विफ्ट संदेश यांच्याबरोबर प्रत्येक ओंडक्याचा घेर आणि लांबी दाखवणारी टॅली शीट मी पहिल्याच दिवशी ई-संचितवर, म्हणजे सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदपत्र-प्रणालीवर, चढवतो, आणि तिच्यावर एक पान जोडतो : मापाची पद्धत, घेरातली सूट, लांबीतली सूट, सरासरी घेर, कराराची तारीख, आणि वर दिला तसा एका ओंडक्याचा हिशेब.