अ‍ॅक्सेसमधला रिपोर्ट कागदावर नीट यायला काय करायचं

रिपोर्ट स्क्रीनवर मस्त दिसतो आणि प्रिंट काढली की प्रत्येक पानामागे एक कोरं पान येतं, अ‍ॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) वापरणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी भेटतंच. रिपोर्टची रुंदी आणि दोन्ही बाजूचे मार्जिन यांची बेरीज कागदापेक्षा जास्त झाली की उरलेली पट्टी पुढच्या पानावर जाते, मग तिच्यात काही असो वा नसो. उभा ए-फोर २१ सेंटीमीटर रुंद असतो, दोन्हीकडे दीड-दीड सोडलं की तुमच्या हातात १८ उरतात, बास. म्हणून पहिला टेक्स्टबॉक्स टाकायच्या आधीच पेज सेटअपमध्ये कागद, मार्जिन आणि उभं की आडवं ते ठरवून टाका, नाहीतर नंतर सगळं परत सरकवत बसावं लागतं. रुंदी ओढूनही कमी होत नसेल तर उजव्या टोकाला एखादी लाइन नाहीतर लेबल पसरलेलं असणार, खूपदा तो पेज नंबरचा बॉक्सच असतो, तो आत घ्या.

आता प्रिव्ह्यू. रिपोर्ट व्ह्यू म्हणजे प्रिंट प्रिव्ह्यू नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. रिपोर्ट व्ह्यूमध्ये पानं पडत नाहीत आणि सेक्शनचे (म्हणजे हेडर, डिटेल अशा रिपोर्टच्या भागांचे) ऑन फॉरमॅट, ऑन प्रिंट हे इव्हेंट, म्हणजे त्या त्या वेळी आपला कोड चालवणाऱ्या जागा, पण चालत नाहीत, त्यामुळे थकलेली रक्कम लाल करायचा कोड तुम्ही ऑन फॉरमॅटमध्ये लिहिला असेल तर तिथे काहीच होणार नाही आणि लोक उगाच चांगला कोड खोडत बसतात. प्रॉपर्टीमध्ये डिफॉल्ट व्ह्यू प्रिंट प्रिव्ह्यू करून ठेवा.

फॉर्मवरच्या बटणातून रिपोर्ट उघडताना कोडमधल्या डूकमांडच्या ओपनरिपोर्टला (DoCmd.OpenReport) दुसऱ्या जागी एसी-व्ह्यू-प्रिव्ह्यू (acViewPreview) द्यायचंच, ती जागा रिकामी ठेवली की रिपोर्ट न दाखवता सरळ प्रिंटरला जातो. फक्त समोरचंच रेकॉर्ड हवं असेल तर चौथ्या जागी अट लिहा, आयडी बरोबर फॉर्मवरचा आयडी अशी, आणि आयडी टेक्स्ट असेल तर किंमत सिंगल कोट्समध्ये. पण त्याच्या वरच्या ओळीत मी-डॉट-डर्टी फॉल्स (Me.Dirty = False) करून रेकॉर्ड सेव्ह करा, नाहीतर आत्ताच केलेला बदल रिपोर्टमध्ये येत नाही आणि हातात जुनी माहिती छापून येते. माझ्या मते या सगळ्यात ही एक ओळ सगळ्यात महत्त्वाची.

डेटाच नसेल तर रिकामा कागद कशाला छापायचा? रिपोर्टच्या ऑन नो डेटा इव्हेंटमध्ये एक मेसेज दाखवा आणि कॅन्सल ट्रू करा. मग बटणाच्या कोडमध्ये २५०१ नंबरची एरर येईल, ती म्हणजे उघडणं रद्द झालं एवढंच, एरर हँडलरमध्ये ती सोडून द्या.

पानं कुठे तुटावीत हे पण आपल्याच हातात आहे. प्रत्येक ग्रुप नव्या पानावर हवा तर ग्रुप हेडरचं फोर्स न्यू पेज बिफोर सेक्शन करा, ग्रुप लांबला तर पुढच्या पानावर पण नाव यावं म्हणून रिपीट सेक्शन येस. मोठा मजकूर कापला जात असेल तर त्या बॉक्सचं कॅन ग्रो येस करा. एकूण पानांचा आकडा टाकायला पेजेस वापरतात, पण त्यासाठी अ‍ॅक्सेसला आधी पूर्ण रिपोर्ट मांडून बघावा लागतो, मोठा रिपोर्ट असेल तर प्रिव्ह्यू उघडायला वेळ लागतो.

प्रिंटर शक्यतो डिफॉल्टच ठेवा, ठरावीक प्रिंटर फक्त लेबलं वगैरे छापायची असतील तरच.

आणि पीडीएफ हवी असेल तर रिपोर्ट फाइलमध्ये काढणारी डूकमांडचीच आउटपुटटू (OutputTo) आहे, पण त्याला अट देताच येत नाही, त्यामुळे आधी रिपोर्ट अट लावून प्रिव्ह्यूमध्ये उघडा आणि तो उघडा असतानाच आउटपुटटू चालवा, म्हणजे फाइलमध्ये तेवढंच रेकॉर्ड जातं, मग रिपोर्ट बंद करा.