दुसऱ्या राज्याचा एलसीएसडब्ल्यू परवाना: ‘स्कोअर मिळालेला नाही’ वर अडकलेला अर्ज

लक्षण: अमेरिकेत एका राज्याचा एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे समुपदेशन-उपचार करणारा समाजकार्यकर्ता) परवाना चालू आहे, दुसऱ्या राज्यात अर्ज केला, फी भरली, परीक्षेच्या निकालाची पीडीएफ चढवली, तरी पोर्टलवर ‘स्कोअर मिळालेला नाही’. पीडीएफ पुन्हा चढवली, परवान्याची प्रत पोस्टाने धाडली, फोन लावले. ढिम्म. डोकं उठतं अगदी!

कारण असं की उमेदवाराने स्वतः दिलेला निकाल बोर्ड (परवाने देणारं राज्याचं मंडळ) ग्राह्यच धरत नाही. तो एएसडब्ल्यूबीकडून, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, थेट जावा लागतो.

आधी एएसडब्ल्यूबीच्या नोंदीतलं नाव अर्जातल्या नावाशी ताडून पाहा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. मग स्कोअर पोचला तरी अर्जाशी जुळत नाही. नाव बदलल्याचा पुरावा देऊन नोंद दुरुस्त करा, मगच स्कोअर ट्रान्सफर (स्कोअर थेट नव्या बोर्डाकडे पाठवणं) मागवा. त्यानंतर जुन्या राज्याच्या बोर्डाला परवान्याची पडताळणी थेट नव्या बोर्डाकडे पाठवायला सांगा. मुदत संपलेले परवाने असतील तर त्यांचीही. शेवटी नव्या बोर्डाला एकच ईमेल: अर्ज क्रमांक, जुनं-नवं नाव, ट्रान्सफरची तारीख.

एलसीएसडब्ल्यूसाठी बहुतेक राज्यांना क्लिनिकल परीक्षेचाच स्कोअर लागतो, मास्टर्स पातळीच्या परीक्षेचा चालत नाही. सोशल वर्क कॉम्पॅक्ट (एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करू देणारा राज्यांमधला करार) 2024 मध्ये सातवं राज्य सामील झाल्यावर अमलात आला, पण त्याखालचा बहुराज्य परवाना हातात नसेल तर नव्या राज्याचा परवाना येईपर्यंत तिथल्या क्लायंटचं व्हिडिओवरही सत्र घेऊ नका. क्लायंट ज्या राज्यात बसलाय, परवाना तिथला लागतो.