काढलेलं मालवेअर परत येत होतं, ते असं गेलं
अँटीव्हायरसने मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामची, फाइल काढली, की कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर ती परत हजर! तीन दिवस डोकं पिकलं. मूळ सापडलं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत. तिथलं एक अगम्य नावाचं टास्क प्रत्येक लॉगिनला अ‍ॅपडेटा या अ‍ॅप्सची माहिती ठेवणाऱ्या फोल्डरमधली स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालवायचं आणि ती स्क्रिप्ट तीच फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. म्हणजे मी इतके दिवस नुसती पानं तोडत होतो.

आधी इंटरनेट तोडलं, मग टास्क आणि स्क्रिप्ट दोन्ही उडवली. त्यानंतर विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे मालवेअरला लपायला फारसा वाव उरत नाही. साधारण १५ मिनिटं लागली. ब्राउझरमधलं अनोळखी एक्स्टेंशनही काढलं. पासवर्ड मात्र फोनवरून बदलले, ईमेलचा सगळ्यात आधी.