इंजिन बदललंय, आता रेसचं पेडल बनवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात इंजिन बदलायचं ठरवलं की अवघड कामाला माणूस मिळतोच. उद्यमनगरात अॅडाप्टर प्लेट लेथवर काढून मिळते, माउंटिंग वेल्ड होतं, शाफ्टची लांबी कमी-जास्त होते. मारुती 800 मध्ये एस्टीमचं 1.3 लिटर इंजिन असो की जुन्या जीपमध्ये दुसरंच डिझेल, ही सगळी कामं निगुतीनं होतात. रेसचं पेडल मात्र शेवटच्या संध्याकाळी, हाताला येईल त्या पट्टीतून वाकवून बसवलं जातं. मग गाडी पहिल्या गिअरला उड्या मारते किंवा गगनबावड्याच्या चढाला दम सोडते आणि शिव्या खातो ट्यूनिंग करणारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोजमाप पायाकडून सुरू करणं. सुरुवात इंजिनाकडून करा. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर, केबल गुंडाळणारी अर्धी पुली असते, तिची त्रिज्या व्हर्नियरनं मोजा. समजा 25 मिमी आली. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटल बॉडीतली हवा अडवणारी गोल चकती, साधारण 90 अंश फिरतो असं धरलं, तर केबल 39 मिमी ओढली गेली पाहिजे. आता पेडलकडे या. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथपासून पाय ठेवायची जागा 240 मिमीवर आणि केबलचं भोक 120 मिमीवर असेल, तर पाय 78 मिमी दाबल्यावर फुल रेस मिळते. हे पायाला बरं पडतं. तेच भोक 60 मिमीवर पाडलं, तर तेवढाच पाय दाबून केबल जेमतेम 20 मिमी सरकते आणि बटरफ्लाय 45 अंशांवरच थांबतो. 200 मिमीवर पाडलं, तर 47 मिमीतच सगळी रेस संपते. बटरफ्लायच्या पहिल्या काही अंशांतच हवा झपाट्यानं वाढते, त्यामुळे अशी गाडी ट्रॅफिकमध्ये झटके देणारच. पुली पूर्ण गोल नसेल तर गणित सोडा. केबलवर मार्करची खूण करा, थ्रॉटल हातानं पूर्ण उघडा आणि खूण किती सरकली ते पट्टीनं मोजा. पेडलच्या दांड्याला एकच भोक न पाडता 90, 105 आणि 120 मिमीवर तीन पाडा. चालवून बघून केबल बदलता येते, पुन्हा वेल्डरकडे जावं लागत नाही.

जुन्या डिझेलला बटरफ्लायऐवजी डिझेल पंपाचा लिव्हर मोजायचा. पंपावरच्या मॅक्सिमम स्क्रूला मात्र हात लावू नका.

दुसरी चूक पटकन दिसत नाही. केबलच्या आउटरचं, म्हणजे बाहेरच्या नळीचं, इंजिनाकडचं टोक बॉडीला पकडलं जातं. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, बॉडी डुलत नाही. क्लच सोडताच इंजिन कलतं, आतली तार ओढली जाते, रेस आपोआप वाढते, इंजिन आणखी कलतं. पेडल स्थिर धरूनही गाडी धक्के खाते ती यामुळे. आउटरचा ब्रॅकेट थ्रॉटल बॉडीवर किंवा मॅनिफोल्डवरच हवा आणि इंजिन डुललं तरी ताणली जाणार नाही एवढी केबल मोकळी हवी. ती एक्झॉस्टपासून लांब न्या. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलं की गाडी थंड असताना रेस छान परत येते आणि तापली की अडकते.

पेडलला स्टॉपर नसणं हा तर हमखास प्रकार. ओव्हरटेक करताना माणूस पाय अक्षरशः रोवतो. तो जोर केबलवर आणि थ्रॉटलच्या शाफ्टवर जाता कामा नये. फ्लोअरला एक बोल्ट आणि तो सैल होऊ नये म्हणून चेकनट लावा. थ्रॉटल पूर्ण उघडताक्षणी पेडल त्या बोल्टला टेकलं पाहिजे.

रेस उघडण्यापेक्षा बंद होणं महत्त्वाचं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 124 या नियमात थ्रॉटल परत आणणारे किमान दोन स्वतंत्र स्रोत मागितले आहेत, म्हणजे एक स्प्रिंग तुटली तरी दुसरीनं काम केलं पाहिजे. आपणही एक थ्रॉटलवर आणि एक पेडलवर लावावी. एकाच हुकात दोन स्प्रिंगा अडकवणं ही पळवाट झाली, कारण हुक तुटला की दोन्ही गेल्या.

शिरोलीत एवढ्या फाउंड्र्या आहेत म्हणून कुणी पेडल ओतून घ्यायचं सुचवेल. साधं बीड न वाकता एकदम तुटतं, तेव्हा नको. 25 बाय 6 मिमीची माइल्ड स्टीलची पट्टी आणि पितळी बुश पुरे. वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल, तर आधी बॅटरीची वायर काढा.

पेडल आणि मॅट यांच्यात जागा सोडा. टोयोटानं 2009 मध्ये अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या त्या मॅटमध्ये पेडल अडकतं म्हणून, आणि उपाय म्हणून पेडलचा आकारही बदलला. ट्रायल घेताना रोजचंच पायताण घाला. बुटावर बरोबर वाटणारं अंतर कापशी चपलेच्या रुंद तळाला कमी पडतं आणि ब्रेक दाबताना कड रेसवर बसते.

नव्या इंजिनाला केबलच नसेल तर वेगळं काम आहे. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दोघांचे व्होल्ट सतत ताडून बघतो. ते जुळले नाहीत की पी2138 हा कोड येतो आणि गाडी रांगायला लागते. म्हणून त्या ईसीयूचंच पेडल घ्या आणि फक्त ब्रॅकेट बनवा. तोही जाड हवा, फायरवॉलचा पातळ पत्रा पायाखाली लवतो.

आयडलिंग चढं राहत असेल तर थ्रॉटलकडची केबल सोडा. लगेच उतरलं तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. नाही उतरलं तर थ्रॉटल बॉडी किंवा व्हॅक्यूम लीक (हवेची गळती) बघा. पिकअप कमी वाटत असेल, तर इंजिन बंद ठेवून दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेटखाली पुली टोकाला जाते का ते बघा.

इंजिन बदलाला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ते आधी उरका, विमा कंपनीलाही कळवा.

पहिली ट्रायल रिकाम्या जागी घ्या. रेस अडकलीच तर क्लच दाबून न्यूट्रल करा, ब्रेक मारा आणि मग चावी ऑफ करा, पण गाडी थांबेपर्यंत ती काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपला चावीनं भागेलच असं नाही, तिथं स्टॉपची केबल ओढायची. ती चालते का, हे निघण्याआधी बघून ठेवा.